मग्दालाच्या मरियेच्या माथी मारलेले पाप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपटांचा परिचय करून देणारा लेख प्रसिद्ध झाला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे आणि मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धे पान मिळावे, याचा मला आनंदच झाला. त्यात येशूची शिष्या मग्दालाची मरिया (मेरी मॅग्डालीन) हिचा उल्लेख मात्र तीनदा आला आहे आणि तिन्ही वेळा तिला ‘येशूने उद्धरलेली वेश्या’ असे म्हटले आहे. लेखकाला दोष देण्यासाठी हे पत्र लिहीत नाही, कारण त्यांनी पडद्यावर जे पाहिले तेच कागदावर उतरवले. पडद्यावर ती तशीच दिसते. बायबलच्या चारही शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावे असलेल्या येशूच्या चरित्रांत, मात्र ती वेश्या असल्याचा एक शब्दही नाही, आणि वाचकांपुढे यायला हवे ते नेमके हेच.

आधी स्वतःची चूक सांगते. मी वसईची. शाळेतली नोकरी सांभाळून रविवारी आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मुलांना धर्मशिक्षण देत असे, आणि निवृत्तीनंतरही ते काम सोडलेले नाही. मग्दालाची मरिया आधी वाईट मार्गाला लागलेली होती, येशूने तिला क्षमा केली आणि मग ती त्याच्यामागे गेली, असे मी कित्येक वर्षे मुलांना शिकवत आले. एका रविवारी सातवीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, हे कुठल्या अध्यायात आहे?” मी सहज म्हणाले की लूकमध्ये आहे, पुढच्या वेळी दाखवते. त्या रात्री लूक उघडला, मग मार्क, मत्तय आणि योहानही चाळला. सापडले नाही. जे मी ठामपणे शिकवत होते ते कधी वाचलेलेच नव्हते, ते मी ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात दरवर्षी लावल्या जाणाऱ्या चित्रफितींतून उचलले होते, ही गोष्ट त्या रात्री कळली आणि पुढच्या रविवारी वर्गासमोर कबूल करताना मान खाली गेली.

मग बायबलमध्ये आहे तरी काय? लूकच्या आठव्या अध्यायाच्या आरंभी येशूबरोबर गावोगाव फिरणाऱ्या स्त्रियांची नावे आहेत. जिच्यातून सात भुते निघाली होती ती मग्दालाची मरिया, हेरोदाचा कारभारी खुजा याची पत्नी योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ जणी; या साऱ्या आपल्या पैशाअडक्यातून येशूची आणि त्याच्या शिष्यांची सेवा करत होत्या, असे लूक सांगतो. म्हणजे मरियेची पहिली ओळख होते ती आजारातून बरी झालेली आणि स्वतःच्या मिळकतीतून प्रभूच्या कार्याला हातभार लावणारी स्त्री म्हणून. सात भुतांचा अर्थ पाप असा घेण्याला शुभवर्तमानांत आधार नाही. येशूने ज्यांच्यातून भुते काढली, त्या कबरस्तानात राहणाऱ्या माणसाला किंवा फेफरे येणाऱ्या मुलाला कोणी पापी म्हटलेले नाही. ते पीडित होते. तिचे गाव मग्दाला हे गालील सरोवराच्या पश्चिम काठावरचे मासेमारीचे गाव. तिथे २००९ साली झालेल्या उत्खननात पहिल्या शतकातले सभास्थान सापडले. (मासेमारीच्या गावातली, चार पैसे हाताशी असलेली, स्वतःचा व्यवहार स्वतः पाहणारी बाई आम्हा वसईकरांना तरी अनोळखी वाटू नये.)

यानंतर ती दिसते ती थेट क्रुसापाशी. पुरुष शिष्य बहुतेक पांगलेले असताना ती तिथे उभी आहे. प्रेत कबरेत ठेवले जाते तेव्हा ती पाहत बसलेली आहे, आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे कबरेकडे जाणाऱ्यांत ती आहे. शुभवर्तमानांत स्त्रियांच्या जितक्या याद्या येतात त्यांत तिचे नाव पहिले असते. अपवाद फक्त योहानाने दिलेल्या क्रुसापाशीच्या यादीचा, जिथे साहजिकच येशूची आई आधी येते. योहानाच्या विसाव्या अध्यायातला बागेतला प्रसंग तर सर्व वाङ्मयात दुर्मीळ म्हणावा असा आहे. येशूची कबर रिकामी पाहून ती रडत उभी आहे, मागे कोणीतरी उभे आहे, तिला तो माळी वाटतो. तुम्ही त्याला नेले असेल तर कुठे ठेवले ते सांगा, मी घेऊन जाईन, असे ती त्याला म्हणते. यावर येशू फक्त तिचे नाव उच्चारतो, “मरिये!” आणि ती वळून “रब्बूनी”, म्हणजे ‘गुरुजी’, म्हणते. दोन शब्दांत ओळख पटते. मग तो तिलाच निरोप देऊन शिष्यांकडे पाठवतो. ज्या काळी स्त्रीच्या साक्षीला न्यायसभेत फारसे वजन नव्हते, त्या काळी ख्रिस्ती श्रद्धेतली सर्वांत मोठी बातमी, येशू मेलेल्यांतून उठल्याची, पहिल्यांदा सांगण्याचे काम एका स्त्रीवर सोपवले गेले. लूक तर प्रांजळपणे नोंदवतो की प्रेषितांना, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांना, त्या बायकांचे बोलणे बरळण्यासारखे वाटले.

मग वेश्या आली कुठून? लूकच्या सातव्या अध्यायात शिमोन नावाच्या परुश्याच्या (कर्मठ यहुदी पंथातल्या माणसाच्या) घरी जेवणाच्या वेळी एक पापी स्त्री येते, येशूचे पाय अश्रूंनी भिजवते, केसांनी पुसते आणि त्यांना सुगंधी तेल लावते. तिचे नाव दिलेले नाही. योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीची मरिया, म्हणजे मार्था आणि लाजरस यांची बहीण, येशूच्या पायांना तेल लावते. आणि लूकच्या आठव्या अध्यायात, म्हणजे त्या निनावी स्त्रीच्या प्रसंगानंतर लगेच, मग्दालाच्या मरियेचे नाव येते. या तिघींना एकत्र बांधण्याचे काम इसवी सन ५९१ मध्ये पोप पहिले ग्रेगरी यांनी आपल्या एका प्रवचनात केले. सात भुते म्हणजे सर्व दुर्गुण, असा अर्थही त्यांनीच लावला. ग्रेगरी हे थोर पुरुष होते. रोम शहर प्लेगने आणि लोंबार्ड टोळ्यांच्या स्वाऱ्यांनी हैराण झालेले असताना लोकांना पश्चात्तापाची आशा दाखवणे हा त्यांचा हेतू असावा, त्यांच्या मनात मरियेविषयी आकस होता असे मी म्हणणार नाही. पण पुढे चौदा शतके पश्चिमेकडच्या ख्रिस्तसभेत ते प्रवचनच शास्त्र समजले गेले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभांनी या तिघींना कधी एक मानले नाही, हे इथे मुद्दाम नमूद करायला हवे. कॅथलिक ख्रिस्तसभेने १९६९ च्या दिनदर्शिका-सुधारणेत २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाच्या प्रार्थनांतून पश्चात्तापी पापिणीचा धागा काढून टाकला, आणि २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तो स्मरणदिन प्रेषितांच्या सणांच्या पातळीवर नेला. ‘प्रेषितांची प्रेषिता’ हे जुने संबोधन तेव्हा पुन्हा वापरात आले.

पडद्यावर मात्र ५९१ सालचे प्रवचनच चालू राहिले. सेसिल डिमिल यांच्या १९२७ च्या ‘द किंग ऑफ किंग्ज’ या मूकपटाची सुरुवातच मरियेच्या ऐश्वर्यात लोळणाऱ्या महालात होते. तिथे ती गणिका आहे, येशूचा पुढे विश्वासघात करणारा शिष्य यहूदा इस्कार्योत तिचा प्रियकर आहे, आणि एका सुताराच्या नादी लागून तो आपल्याकडे फिरकत नाही हे कळल्यावर ती चिडून आपल्या रथाला झेब्रे जुंपायला सांगते. हे वाचून हसू येईल, मलाही आले. पण पुढचे दृश्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही. येशू तिच्यातून भुते काढतो तेव्हा तिच्या देहातून सात पापे धूसर आकृत्यांच्या रूपाने एकामागून एक बाहेर पडताना दाखवली आहेत. छायाचित्रणाची ती करामत त्या काळी थक्क करणारी होती. पण ते दृश्य लूकमधले नाही, ते ग्रेगरींच्या प्रवचनातले आहे. शास्त्र म्हणून लोकांनी जे पाहिले ते एका प्रवचनाचे चित्रीकरण होते.

फ्रांको झेफिरेल्ली यांच्या १९७७ च्या ‘जीझस ऑफ नाझरेथ’ मालिकेत झेब्रे गेले, गणिका राहिली. मेल गिब्सन यांच्या २००४ च्या ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’मध्ये आणखी एक निनावी स्त्री तिच्या अंगावर चढवली गेली. योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात पकडून आणलेली, जिला दगडमार होणार होता ती स्त्री तिथे मरियाच आहे. या चित्रपटाची जाहिरात अरामी आणि लॅटिन भाषांतल्या संवादांसह अत्यंत प्रामाणिक चित्रण म्हणून झाली होती. शुभवर्तमानांत फटक्यांच्या शिक्षेला एखादे वाक्यच मिळते. चित्रपटात ती पाहणाऱ्याला असह्य व्हावे इतका वेळ चालते. भाषा दोन हजार वर्षांपूर्वीची वापरली म्हणून कथा दोन हजार वर्षांपूर्वीची ठरत नाही, एवढेच मी म्हणेन.

माझा आग्रह असा मुळीच नाही की बायबलमध्ये नाही ते पडद्यावर येऊच नये. तसे म्हटले तर नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यातले तीन राजेही काढून टाकावे लागतील, कारण मत्तयाने बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांची संख्या सांगितलेली नाही. भेटी तीन आहेत, म्हणून आपण माणसेही तीन धरतो. त्याने कोणाचे नुकसान होत नाही. उलट झेफिरेल्लींच्या त्याच मालिकेत मला अत्यंत प्रिय असलेला एक कल्पित प्रसंग आहे. जकातदार मत्तयाच्या घरी मेजवानी चालू आहे, येशू तिथे उधळ्या मुलाचा, म्हणजे पैसा उडवून परतलेल्या धाकट्याला बाप आनंदाने जवळ घेतो तो, दाखला सांगतो आहे, आणि मत्तयाचा मनापासून तिरस्कार करणारा पेत्र दाराबाहेर उभा राहून ऐकतो आहे. दाखल्यातला रुसलेला थोरला भाऊ आपणच आहोत हे पेत्राच्या ध्यानात येते आणि तो आत येतो. असा प्रसंग लूकमध्ये नाही. पण येशू जकातदारांच्या पंक्तीला बसतो म्हणून कुरकुरणाऱ्यांना उद्देशूनच हा दाखला सांगितला गेला होता, हे लूक पंधराव्या अध्यायाच्या सुरुवातीला स्पष्ट सांगतो. दिग्दर्शकाने ती कुरकुर पेत्राच्या तोंडी घातली, इतकेच. शास्त्र जिथे गप्प आहे तिथे कल्पना बोलली आणि शास्त्राच्याच मनातले बोलली. पिएर पाओलो पासोलिनी यांनी १९६४ साली मत्तयाच्या शुभवर्तमानावर केलेला चित्रपट दुसऱ्या टोकाचा आहे. ते मार्क्सवादी, स्वतःला अश्रद्ध म्हणवणारे. पण संवाद त्यांनी जवळजवळ सगळे मत्तयाच्या शब्दांतच ठेवले आणि चित्रपट पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला. निष्ठा श्रद्धेच्या दाखल्यावर अवलंबून नसते, हे तो चित्रपट पाहताना जाणवते.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. शास्त्रात नसलेले घर, जेवण, संवाद, पाऊस दाखवा. पण नाव घेऊन ज्या व्यक्तीवर शास्त्राने पाप ठेवलेले नाही तिच्यावर ते ठेवू नका. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा जिवंत शेजाऱ्यापुरती आहे, दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या बाईला ती लागू नाही, असे कोणी सांगितले?

यावर मला नेहमी एक उत्तर मिळते, आणि ते उथळ नाही. लोक म्हणतात, पश्चात्ताप पावलेल्या मग्दालाच्या मरियेने असंख्य पाप्यांना आशा दिली, ती हिरावून का घेता? पण आशेसाठी लूकच्या सातव्या अध्यायातली ती निनावी स्त्री आहेच, आणि तिला नाव नाही म्हणूनच तिच्या जागी कोणीही उभे राहू शकते. शिवाय पेत्र आहे. त्याने प्रभूला तीन वेळा नाकारले हे चारही शुभवर्तमानांत लिहिलेले आहे. पौलाने ख्रिस्ती लोकांचा छळ केला हे तो स्वतः आपल्या पत्रांत लिहितो. तरी पडद्यावर पेत्र प्रेषित म्हणून येतो आणि पौलही. पाप नोंदलेले पुरुष प्रेषित ठरतात आणि पाप न नोंदलेली स्त्री वेश्या ठरते, यात आशेचा भाग किती आणि बाईविषयीच्या जुन्या समजुतीचा भाग किती, याचा विचार वाचकांनी करावा.

चित्रपट आहे, इतके मनाला काय लावून घ्यायचे, असेही काही जण म्हणतात. मराठी माणसाने तरी असे म्हणू नये. १९१० च्या सुमारास मुंबईच्या एका तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहताना दादासाहेब फाळके यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहू लागले, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे, आणि त्यातूनच १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. १९३६ च्या ‘संत तुकाराम’पासून कित्येकांच्या मनातल्या तुकोबांना विष्णुपंत पागनीसांचा चेहरा आहे. पडदा मनात चेहरा कोरतो, आणि गाथा किंवा बायबल नंतर कितीही वाचले तरी तो चेहरा पुसला जात नाही. मरियेच्या बाबतीत त्याची किंमत केवळ कल्पनेतली नव्हती. आयर्लंडमध्ये ‘बिघडलेल्या’ समजल्या गेलेल्या मुलींना कोंडून त्यांच्याकडून फुकट कपडे धुवून घेणाऱ्या संस्थांना तिचेच नाव होते. मॅग्डालीन लाँड्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थांपैकी शेवटची १९९६ साली बंद झाली आणि २०१३ साली तिथल्या सरकारने त्या स्त्रियांची जाहीर माफी मागितली. त्याचा दोष चित्रपटांवर टाकणे चूक ठरेल, कारण ते नाव सिनेमाच्या जन्माआधीचे आहे. पण चूक नावाला चिकटली की नाव कुठे कुठे नेते, ते यातून दिसते.

अलीकडे चूक दुरुस्त करण्याचे प्रयत्न झाले, तेही तपासून पाहायला हवेत. २०१८ च्या ‘मेरी मॅग्डालीन’ या चित्रपटाच्या शेवटी पोप ग्रेगरींचा आणि २०१६ सालच्या निर्णयाचा उल्लेख पडद्यावर अक्षरांत येतो. एवढे स्पष्ट बोलणारा बड्या कलाकारांचा दुसरा चित्रपट मी पाहिलेला नाही. पण तिला वेश्येच्या भूमिकेतून सोडवताना त्यांनी सात भुतेही पुसून टाकली. इथे लग्न नाकारणाऱ्या मुलीला घरचे भुताने झपाटलेली समजतात, आणि येशू तिला सांगतो की इथे भुते वगैरे काही नाहीत. विचार आजच्या प्रेक्षकाला पटणारा आहे, पण लूक आणि मार्क दोघेही सात भुतांची नोंद करतात. ती गाळली की बरी झालेली, कृतज्ञतेने मागे आलेली बाई हरवते आणि तिच्या जागी आपल्या काळातली बंडखोर तरुणी येते. ‘द चोझन’ या, सध्या घरोघरी मोबाइलवर पाहिल्या जाणाऱ्या मालिकेने निदान भुते ठेवली आहेत, आणि पहिल्या भागाच्या आरंभीच काही पात्रे, संवाद व पूर्वकथा आपण जोडल्या आहेत, प्रेक्षकांनी शुभवर्तमाने वाचावीत, अशी सूचनाही दिली आहे. हा प्रामाणिकपणा मला आवडला. त्यात येशू तिला पहिल्याच भेटीत यशया संदेष्ट्याच्या शब्दांनी, नाव घेऊन हाक मारतो. सुंदर आहे, पण योहानाने बागेसाठी राखून ठेवलेली हाक पहिल्याच भागात वापरून टाकली, याची मला चुटपुट लागून राहिली.

आणखी एक गोष्ट आम्हा ख्रिस्ती लोकांना लागणारी आहे, तरी लिहिते. २००६ साली येशूने मरियेशी लग्न केले अशी कल्पना रंगवणारा ‘द दा विंची कोड’ आला तेव्हा देशभर निदर्शने झाली, काही राज्यांनी बंदी घातली, आणि ही कथा काल्पनिक असल्याची सूचना दाखवल्यावरच तो प्रदर्शित झाला. ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’ने तर १९८८ साली आपण शुभवर्तमानांवर आधारित नाही हे सुरुवातीलाच जाहीर केले होते, तरी जगभर गदारोळ झाला. येशूच्या प्रतिष्ठेला धक्का लागला की आम्ही रस्त्यावर उतरतो. पण त्याच्या पुनरुत्थानाच्या पहिल्या साक्षीदाराला धार्मिक, आमच्याच धर्मग्रामांच्या सभागृहांत भक्तिभावाने दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांत वर्षानुवर्षे वेश्या केले जाते, तेव्हा कोणी एक पत्रसुद्धा लिहीत नाही. मीही लिहिले नव्हते. बंदीची मागणी मी आजही करत नाही. हे चित्रपट जरूर पाहावेत. सभागृहात चित्रपट सुरू करण्याआधी लूकच्या आठव्या अध्यायातल्या तीन ओळी आणि योहानाचा विसावा अध्याय मोठ्याने वाचावा, एवढेच धर्मगुरू आणि शिक्षकांना सुचवते. त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत; आम्ही गेल्या दोन वर्षांपासून करतो आहोत, आणि झेब्र्यांच्या दृश्याला मुले आता योग्य जागी हसतात.

आपल्याला एक विनंती आहे. पुरवणीतला तो उल्लेख पुढच्या अंकात दोन ओळींत दुरुस्त करावा, आणि शक्य झाल्यास २२ जुलैच्या अंकात मग्दालाच्या मरियेविषयी बायबल प्रत्यक्षात काय म्हणते, यावर एखादा लेख द्यावा. ज्या मुलीने मला अध्याय विचारला ती आता महाविद्यालयात शिकते आणि आपले वृत्तपत्र तिच्या घरी येते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, वसई